वाचकांचे प्रश्न : ऑक्सिजन कमी झाल्याचे पेशीला कसे कळते?

मागच्या अंकातील श्वसनावरच्या लेखात एक वाक्य होते : ‘पेशी ऑक्सिजनची टंचाई ओळखते आणि त्यानुसार आपला कारभार बदलते.’ हे वाक्य तेवढ्यावरच सोडून दिल्याबद्दल अनेक वाचकांनी जाब विचारला आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. लेखातील ते वाक्य वर्गात वाचून दाखवले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, पेशीला नाक नाही, मेंदू नाही. मग तिच्या आत ऑक्सिजन मोजतो कोण?” मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

उत्तर : तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न शास्त्रज्ञांनाही फार काळ सुटला नव्हता, त्याचे नेमके उत्तर हाती आले ते २००१ साली. त्या उत्तराचा गाभा आधी सांगतो, म्हणजे पुढचा तपशील समजायला सोपा जाईल. पेशीत ऑक्सिजन मोजणारे वेगळे असे उपकरण नसते. ऑक्सिजनच्या टंचाईची सूचना देणारे एक प्रथिन पेशी अखंड तयार करत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेपर्यंत ते तितक्याच अखंडपणे नष्टही करत असते. नष्ट करण्याची ही क्रिया ऑक्सिजनवाचून होऊच शकत नाही. त्यामुळे ऑक्सिजन घटला की ते प्रथिन साचू लागते, आणि ते साचणे हीच पेशीला मिळालेली बातमी असते.

एवढ्या व्यवस्थेची गरज का पडावी, हे दोन आकड्यांवरून लक्षात येईल. ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनच्या मदतीशिवाय मोडला तर पेशीला एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे केवळ २ रेणू मिळतात. तोच तंतुकणिकांमध्ये ऑक्सिजनच्या मदतीने पूर्णपणे मोडला तर सुमारे ३० मिळतात. मात्र ऑक्सिजन भरपूर असणे हेही पेशीच्या हिताचे नसते, कारण त्यापासून निर्माण होणारे अतिक्रियाशील रेणू प्रथिनांना आणि डीएनएला इजा करतात. शिवाय ‘पुरेसा’ या शब्दाचा अर्थ जागेनुसार बदलतो. समुद्रसपाटीवरच्या हवेत ऑक्सिजनचा आंशिक दाब पाऱ्याच्या सुमारे १६० मिलिमीटर असतो, फुप्फुसातील वायुकोशांत तो १०० च्या आसपास येतो आणि रक्तातून झिरपत तो बहुतेक ऊतींपर्यंत पोहोचतो तेव्हा २० ते ४० वर, काही ठिकाणी त्याहूनही खाली आलेला असतो. म्हणजे यकृतातील पेशीला जे रोजचे, ते फुप्फुसातील पेशीला संकट वाटू शकते. प्रत्येक पेशीला आपापल्या जागी सावध राहावे लागते.

या शोधाची वाट मूत्रपिंडातून गेली. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड देफ्लांद्र यांनी रक्त काढून अशक्त केलेल्या सशांचा रक्तद्रव निरोगी सशांना टोचला आणि त्या सशांच्या तांबड्या पेशी वाढल्याचे नोंदवले. रक्तात काहीतरी निरोप फिरतो, असा त्यांचा तर्क होता. तो निरोप म्हणजे मुख्यतः मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपॉयटिन हे संप्रेरक, थोडक्यात ईपीओ. १९७७ मध्ये ते मानवी मूत्रातून शुद्ध स्वरूपात मिळाले आणि त्यासाठी गंभीर रक्तक्षयाच्या रुग्णांचे तब्बल २,५५० लिटर मूत्र वापरावे लागले. तीव्र रक्तक्षयात रक्तातील ईपीओ शेकडो पटींनी वाढते, हेही कळले. पण ऑक्सिजन कमी झाल्यावर ईपीओचे जनुक ‘चालू’ करतो कोण, हा प्रश्न शिल्लकच होता.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ग्रेग सेमेंझा यांनी ईपीओच्या जनुकाशेजारचा डीएनएचा तुकडा तपासायला घेतला. ऑक्सिजन कमी असताना त्या तुकड्याला एक प्रथिन येऊन चिकटते, हे १९९२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले. १९९५ मध्ये ते प्रथिन शुद्ध करून त्याचे दोन भाग ओळखले. त्याला ‘हायपॉक्सिया-इंड्युसिबल फॅक्टर’ म्हणतात, म्हणजे ऑक्सिजनच्या टंचाईत प्रकट होणारा घटक. शास्त्रज्ञांच्या बोलण्यात तो नुसता ‘हिफ’ असतो. त्याचा बीटा हा भाग पेशीत नेहमीच असतो. अल्फा हा भाग मात्र टंचाई आली की दिसतो आणि ऑक्सिजन परतला की अक्षरशः काही मिनिटांत नाहीसा होतो.

याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये पीटर रॅटक्लिफ, जे स्वतः मूत्रपिंडाचे डॉक्टर, त्याच जनुकावर काम करत होते. त्यांच्या आणि सेमेंझा यांच्या गटांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा ईपीओ बनवणाऱ्या पेशींपुरती नव्हती; ज्या पेशींनी आयुष्यात कधी ईपीओ बनवले नाही, त्यांच्यातही ती होती. हा शोध मला या साऱ्या कथेतला खरा वळणबिंदू वाटतो. तोवर मूत्रपिंडाची खासियत समजली जाणारी गोष्ट प्रत्येक पेशीची निघाली.

मग प्रश्न उरला : ऑक्सिजन असताना अल्फाला कोण नष्ट करते? त्याचा धागा एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात सापडला. फॉन हिपेल-लिंडाऊ या विकाराच्या रुग्णांना डोळ्यांत, मेंदूत आणि मूत्रपिंडात रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या गाठी होतात. बॉस्टनमधील कर्करोगतज्ज्ञ विल्यम केलिन यांना त्यातली एक गोष्ट खटकली : या गाठींतील पेशी ऑक्सिजन मिळत असतानाही तो मिळत नसल्यासारख्या वागत होत्या. या विकारात बिघडणारे जनुक ज्या प्रथिनाचे आहे, त्याला व्हीएचएल म्हणतात. व्हीएचएल ज्या प्रथिनाला धरते, त्याच्यावर युबिक्विटिन नावाचे छोटे प्रथिन खुणेसारखे चिकटवले जाते आणि तशी खूण असलेले प्रथिन पेशीतील प्रोटिआसोम नावाची यंत्रणा चिरडून टाकते. व्हीएचएल हिफच्या अल्फाला धरते, हे रॅटक्लिफ यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. म्हणजे मारेकरी सापडला. पण तो ऑक्सिजन असतानाच का मारतो, हे अजून कळले नव्हते.

ते २००१ मध्ये केलिन आणि रॅटक्लिफ या दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे, एकाच वेळी सांगितले. अल्फाच्या ८२६ अमिनो आम्लांच्या साखळीत ४०२ आणि ५६४ या क्रमांकांच्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल आहे. पेशीतील काही विकरे, म्हणजे एन्झाइमे, त्या प्रोलिनवर एक हायड्रॉक्सिल गट बसवतात, आणि व्हीएचएल अल्फाला ओळखते ते या गटावरून. हा गट नसेल तर शेजारून जाऊनही ते अल्फाला धरत नाही. हायड्रॉक्सिल गटातला ऑक्सिजनचा अणू येतो तो थेट आपण श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनच्या रेणूतून. एका रेणूतला एक अणू प्रोलिनवर जातो आणि दुसरा अल्फा-कीटोग्लुटारेट या रेणूवर जाऊन त्याचे सक्सिनेट व कार्बन डायऑक्साइड होते. ऑक्सिजनच नसेल तर गट बसणार कशाने? गट बसला नाही की अल्फा वाचते, पेशीकेंद्रात जाऊन बीटाशी जोडी जमवते आणि शेकडो जनुके जागी होतात.

म्हणून तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, की मोजणारा वेगळा कोणी नाही. ऑक्सिजन स्वतःच एका कामात खर्च होतो, आणि ते काम अडले की पेशीला कळते. या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ती पुढे कदाचित असेही विचारील, की एखादे प्रथिन बनवायचे आणि लगेच मोडायचे, यात ऊर्जा वाया जात नाही का? जाते. पण संकट आल्यावर जनुक चालू करून प्रथिन नव्याने घडवायला जो वेळ लागला असता, तो या रीतीने वाचतो. पुरेशा ऑक्सिजनमध्ये अल्फाचा निम्मा साठा पाच मिनिटांच्या आत संपतो. याचाच अर्थ मोडणे थांबले, तर तो तितक्याच झटपट वाढू लागतो. जिथे उशीर म्हणजे मृत्यू, तिथे ही किंमत मोजण्याजोगी आहे.

प्रश्न : मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे. तंतुकणिकांतील सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनचा सर्वाधिक वापर करते. मग ऑक्सिजन ओळखण्याचे काम त्यालाच का दिलेले नाही? शिवाय, जागी झालेली ती शेकडो जनुके नेमके करतात काय?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर विकरांच्या स्वभावात आहे. सायटोक्रोम ऑक्सिडेजची ऑक्सिजनशी जवळीक विलक्षण आहे; ऑक्सिजन अगदी नाममात्र उरेपर्यंत ते जवळपास पूर्ण वेगाने काम करत राहते. ऊर्जेसाठी हे उत्तम, पण इशाऱ्यासाठी निरुपयोगी. भट्टी विझल्यावर इंधन संपल्याचे कळले, तर त्या कळण्याचा उपयोग काय? प्रोलिनवर हायड्रॉक्सिल बसवणाऱ्या विकरांचे तसे नाही. त्यांची ऑक्सिजनशी जवळीक इतकी सैल आहे, की ऊतींत एरवी असणाऱ्या ऑक्सिजनच्या पातळीलाही ती पूर्ण वेगाने चालत नाहीत. पातळी थोडी खाली गेली तरी वेग घटतो, थोडी वर आली तरी वाढतो. मापनासाठी हाच गुण लागतो. अल्फावर आणखी एक कुलूप आहे. त्याच्या ८०३ व्या जागेवरील ॲस्परॅजिन या अमिनो आम्लावरही एक वेगळे विकर हायड्रॉक्सिल बसवते, आणि तसे झाले की मोडण्यातून वाचलेल्या अल्फालाही जनुके नीट जागी करता येत नाहीत. हे दुसरे विकर ऑक्सिजन बराच खाली जाईपर्यंत काम करत राहते. त्यामुळे सौम्य टंचाईला सौम्य आणि तीव्र टंचाईला तीव्र असा पायऱ्यापायऱ्यांनी प्रतिसाद उमटतो.

रसायनशास्त्राचे विद्यार्थी म्हणून तुम्हाला रस वाटेल अशी आणखी एक गोष्ट आहे. या विकरांच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो आणि तो फेरस अवस्थेतच असावा लागतो. त्याला त्या अवस्थेत राखायला क जीवनसत्त्व मदत करते. लोह बांधून ठेवणारे औषध दिले, किंवा कोबाल्टचे क्षार दिले, तर ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी टंचाईचा कांगावा करते. कोबाल्टने तांबड्या पेशी वाढतात, हे डॉक्टरांना कित्येक दशके माहीत होते. कारण मात्र या विकरांचा शोध लागल्यावर उमगले.

आता जनुकांकडे येऊ. हिफ जे करते ते एखाद्या शहाण्या माणसाने टंचाईत संसार चालवावा तसे आहे : आवक वाढवायची आणि खर्च आवरायचा. आवक वाढवण्यासाठी ईपीओ आणि रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन आहे. पहिल्याने रक्ताची वाहण्याची क्षमता वाढते, दुसऱ्याने ते पोहोचवणाऱ्या वाटा. ऑक्सिजनवाचून ग्लुकोज मोडणारी विकरे आणि ग्लुकोज पेशीत ओढून घेणारी प्रथिनेही वाढतात, कारण २ एटीपीवर गुजराण करायची तर ग्लुकोज पुष्कळ लागणार. खर्च आवरण्याची तऱ्हा मात्र अधिक सूक्ष्म आहे. हिफ एक असे विकर वाढवते, जे ग्लुकोज अर्धवट मोडल्यावर तयार होणाऱ्या पायरुव्हेटला तंतुकणिकेत जाण्याच्या दारातच अडवते. पायरुव्हेटचे मग लॅक्टेट होते. म्हणजे पेशी ऑक्सिजन संपण्याची वाट न पाहता स्वतःहून त्याचा वापर कमी करते. याखेरीज, खुद्द सायटोक्रोम ऑक्सिडेजचा एक घटकही टंचाईत बदलून दुसरा बसवला जातो, असे २००७ मध्ये सेमेंझा यांच्या गटाने दाखवले.

हिफ जी जनुके जागी करते, त्यांत हिफला मोडण्याची खूण करणाऱ्या प्रोलिनच्या विकरांची जनुकेही आहेत. टंचाईच्या काळात ती विकरे साठत राहतात आणि ऑक्सिजन परत येताच साचलेल्या हिफचा झटकन निकाल लावतात. स्वतःच्या समाप्तीची तयारी स्वतःच करून ठेवणारी ही रचना पहिल्यांदा समजली, तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबलो होतो.

प्रश्न : मी डोंगरभटकंती करतो. उंचीवर गेल्यावर माझा श्वास काही क्षणांतच वाढला, पण अंगात बळ यायला दोन आठवडे लागले. हे दोन्ही काम एकाच हिफचे का? आणि उंचीवर हवेत ऑक्सिजन किती टक्के उरतो?

उत्तर : आधी टक्क्यांचा गैरसमज दूर करू. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण समुद्रसपाटीवर जवळपास २१ टक्के असते आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढेच असते. कमी होतो तो हवेचा एकूण दाब. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर तो निम्म्यावर येतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. प्रत्येक श्वासात रेणूच कमी येतात.

श्वास काही क्षणांत वाढणे हे हिफचे काम नाही. जनुके जागी करून प्रथिने घडवायला तेवढा वेळ पुरत नाही. ते काम कॅरोटिड बॉडी या मानेतील इवल्या इंद्रियाचे आहे. मेंदूकडे जाणारी मुख्य रोहिणी जिथे दुभंगते, तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढे हे इंद्रिय असते. रक्तातील ऑक्सिजन घटला की त्याच्या पेशींच्या आवरणावरील पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, विद्युत्भार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि मज्जातंतूंद्वारे श्वसनकेंद्राला संदेश जातो. बेल्जियमचे कॉर्नील हेमान्स यांना या इंद्रियाच्या श्वसनातील कार्यासाठी १९३८ चे नोबेल मिळाले. रोहिणीतील ऑक्सिजनचा दाब ६० मिलिमीटरच्या खाली जाऊ लागला, की हा प्रतिसाद एकदम जोरदार होतो. त्याआधी तो बराच मंद असतो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. एरवी श्वास घेण्याची ओढ आपल्याला लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावे म्हणून काही जण बुडी मारण्याआधी मुद्दाम जोरजोरात श्वास घेतात. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो, ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही. परिणामी श्वासाची ओढ लागण्याआधीच मेंदूचा ऑक्सिजन संपतो आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. असे कधीही करू नये.

हिफचा कारभार तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबाने चालतो. उंचीवर पोहोचल्यापासून काही तासांत रक्तातील ईपीओ वाढू लागते आणि एक-दोन दिवसांत शिगेला पोहोचते. त्याच्या सांगण्यावरून अस्थिमज्जेत नव्या तांबड्या पेशी तयार होऊन त्यांची संख्या लक्षणीय वाढायला मात्र काही आठवडे जातात. पहिल्या काही दिवसांत तपासणीत हिमोग्लोबिन वाढलेले दिसते, ते बहुतांशी रक्तद्रव कमी होऊन रक्त दाट झाल्यामुळे.

तिसरा एक प्रतिसादही आहे आणि तो गिर्यारोहकाने माहीत करून घ्यायलाच हवा. ऑक्सिजन घटला की शरीरातल्या बहुतेक रक्तवाहिन्या रुंदावतात, फुप्फुसातल्या मात्र आकसतात. १९४६ मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवरील प्रयोगांत हे दाखवले. एरवी ही रीत शहाणपणाची आहे, कारण फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोहोचत नाही तिकडून रक्त वळवून ते हवेशीर भागाकडे पाठवले जाते. पण उंचीवर सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून सगळीकडेच वाहिन्या आकसतात, दाब चढतो आणि काही जणांच्या वायुकोशांत द्रव झिरपू लागतो. विश्रांती घेतानाही दम लागणे, खोकला, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही चिन्हे दिसली, तर सवय होण्याची वाट पाहू नका. ताबडतोब खाली उतरणे हाच उपाय आहे.

पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहणाऱ्यांचे काय, असेही आपण विचारले असते तर मला आवडले असते. तिबेटी लोक ४,००० मीटरवर राहूनही त्यांचे हिमोग्लोबिन समुद्रसपाटीवरच्या लोकांइतकेच, किंवा थोडेसेच अधिक असते. त्यांच्यातील बहुसंख्यांमध्ये हिफच्याच एका भावंडाच्या, हिफ-२ अल्फाच्या, जनुकाचा वेगळा प्रकार आढळतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. रक्त दाट झाल्याने हृदयावर पडणारा भार त्यामुळे टळतो. जनुकाचा हा प्रकार त्यांच्या पूर्वजांकडे डेनिसोव्हन या लुप्त मानवसमूहाशी झालेल्या संकरातून आला, असे २०१४ च्या अभ्यासात दिसले.

प्रश्न : माझ्या वडिलांना मूत्रपिंडाचा जुना आजार आहे आणि रक्त वाढावे म्हणून त्यांना ईपीओचे इंजेक्शन देतात. आता यासाठी गोळ्याही आल्या आहेत, असे ऐकले. त्या कशा काम करतात?

उत्तर : मूत्रपिंड निकामी होत जाते तशी तिथल्या ईपीओ बनवणाऱ्या पेशींची क्षमता घटते, म्हणून अशा रुग्णांना रक्तक्षय होतो. इंजेक्शनने बाहेरून ईपीओ पुरवले जाते. गोळ्यांची वाट वेगळी आहे. वर ज्यांचे वर्णन केले त्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल बसवणाऱ्या विकरांना त्या रोखतात. मग ऑक्सिजन असूनही हिफ टिकून राहते आणि शरीर स्वतःच ईपीओ बनवते, त्याचबरोबर लोहाचा वापरही सुधारतो. या गटातील रॉक्साडुस्टॅटला चीनमध्ये २०१८ मध्ये, तर डॅप्रोडुस्टॅटला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

हिफ केवळ ईपीओपुरते काम करत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. या औषधांच्या वापरात रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या धोक्याकडे लक्ष ठेवावे लागते. हिफ कायमचे चालू राहिल्यास काय होते, याचे एक उदाहरण रशियातील व्होल्गा नदीकाठच्या चुवाश लोकांत आहे. तिथे व्हीएचएल जनुकाच्या दोन्ही प्रतींत एक विशिष्ट बदल असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी जन्मापासून अतोनात वाढलेल्या असतात आणि त्यांना गुठळ्यांचा त्रास होतो. आपल्या वडिलांसाठी इंजेक्शन योग्य की गोळी, हा निर्णय त्यांचे मूत्रपिंडतज्ज्ञच घेऊ शकतात. एकातून दुसऱ्याकडे स्वतःच्या मनाने वळू नये.

प्रश्न : कर्करोगाच्या पेशींना ऑक्सिजन सहन होत नाही, म्हणून ऑक्सिजनयुक्त पाणी प्यावे, असा संदेश मला आला. यात तथ्य आहे का?

उत्तर : नाही. साधा हिशेब करून पाहू. शांत बसलेला प्रौढ माणूस दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे ३०० मिलिग्रॅमहून अधिक ऑक्सिजन वापरतो. खोलीच्या तापमानाला हवेशी संपर्कात असलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तो सगळाच्या सगळा रक्तात गेला असे धरले, तरी शरीराला दोन सेकंदही पुरणार नाही. पाण्यात शुद्ध ऑक्सिजन मिसळला तरी नेहमीच्या दाबाला हे प्रमाण पाचपटीच्या आसपासच जाते.

त्या संदेशात सत्याचा एक विपर्यस्त अंश मात्र आहे आणि म्हणूनच असे संदेश पटतात. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठा पुरत नाही आणि तिथे ऑक्सिजन खरोखरच कमी असतो. पण तिथल्या पेशी त्याने मरत नाहीत. त्या हिफच्या आधाराने नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या भागावर किरणोपचारही कमी परिणाम करतो. जी व्यवस्था निरोगी पेशीला वाचवते, तीच इथे रोगाच्या कामी येते. या समजुतीचा खरा उपयोग प्रयोगशाळेत झाला आहे. हिफ-२ अल्फाला रोखणाऱ्या बेलझुटिफॅन या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत फॉन हिपेल-लिंडाऊ विकाराशी निगडित गाठींसाठी मान्यता मिळाली. ज्या विकाराने केलिन यांना वाट दाखवली, त्याच विकाराच्या रुग्णांना त्या वाटेवरून औषध मिळाले, याचे मला मनापासून समाधान वाटते.

प्रश्न : वनस्पती स्वतःच ऑक्सिजन तयार करतात. मग त्यांना अशा यंत्रणेची गरज असते का?

उत्तर : असते. पानांना उजेडात ऑक्सिजनची ददात नाही, पण मुळांना प्रकाश मिळत नाही आणि पाणथळ जमिनीत ऑक्सिजन फार हळू पसरतो. वनस्पतींमध्ये हिफ नाही. तरीही त्यांनी जो उपाय शोधला तो थक्क करणारा आहे. त्यांच्या पेशीत काही प्रथिने सतत बनतात, ज्यांच्या सुरुवातीच्या टोकाला सिस्टीन हे अमिनो आम्ल उघडे पडते. ऑक्सिजन असेल तर ते सिस्टीन ऑक्सिडीकृत होते आणि तीच त्या प्रथिनाला मोडण्याची खूण ठरते. ऑक्सिजन नसेल तर प्रथिन टिकते आणि टंचाईची जनुके जागी करते. हे २०११ मध्ये उलगडले. पुरात संपूर्ण बुडूनही दोन आठवड्यांच्या आसपास तग धरणाऱ्या भाताच्या जातींमधील सब-१ए या जनुकाचे प्रथिन याच कुळातले आहे. मात्र ऑक्सिजन असतानाही या मार्गाने मोडले न जाणे हे त्याचे वेगळेपण.

एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूतही एफएनआर नावाचे प्रथिन लोह आणि गंधकाच्या एका गुच्छावर उभे असते. ऑक्सिजन आला की तो गुच्छ विस्कटतो आणि प्रथिन निष्क्रिय होते. जिवाणू, वनस्पती आणि प्राणी यांची रसायने वेगवेगळी, तरी टंचाईची सूचना आधीच तयार ठेवायची आणि ती मोडण्याचे काम ऑक्सिजनवरच सोपवायचे, ही तऱ्हा तिघांचीही एकच आहे. २०१९ मध्ये रॅटक्लिफ यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : वनस्पतींची समजली जाणारी सिस्टीनची ती रीत मानवी पेशींतही, एडीओ नावाच्या विकराच्या रूपाने, हिफच्या जोडीला चालू आहे.